नावापुरतं बुडापेस्ट

व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकर आहेत, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या बाईंचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर गेला, ही गोष्ट सांगताना मराठी माणसाची मान थोडी ताठ होते. व्हावीच. पण बाईंची भैरवी संपल्यावर त्या तबकडीवर काय वाजतं, हे सहसा कुणी विचारत नाही. त्यानंतर येतो ब्लाइंड विली जॉन्सन, टेक्ससचा आंधळा गिटारवादक, शब्दांशिवाय नुसता हुंकारणारा. आणि त्याच्यानंतर, सगळ्यात शेवटी, सहा मिनिटं सदतीस सेकंद, बीथोवनच्या एका स्ट्रिंग क्वार्टेटमधला ‘कावातिना’ नावाचा संथ भाग. दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो. वाजवणाऱ्यांचं नाव दिलं आहे : बुडापेस्ट स्ट्रिंग क्वार्टेट.

हे ध्वनिमुद्रण १९६० सालचं. त्या वेळी या चौघांपैकी एकही बुडापेस्टचा नव्हता. हंगेरियनसुद्धा कुणी नव्हता. पहिलं व्हायोलिन जोसेफ रोइसमन, ओडेसाचा. व्हिओला बोरिस क्रॉइट, तोही ओडेसाचा. दुसरं व्हायोलिन अलेक्झांडर श्नायडर आणि चेलो त्याचा थोरला भाऊ मिशा श्नायडर, दोघं विल्नाचे. चौघेही जुन्या रशियन साम्राज्यातले ज्यू आणि आता अमेरिकेत स्थायिक. संगीतवर्तुळात एक विनोद फिरायचा, तो व्हायोलिनवादक यास्का हायफेट्झच्या नावावर सांगतात : एक रशियन म्हणजे अराजकवादी, दोन म्हणजे बुद्धिबळाचा डाव, तीन म्हणजे कम्युनिस्टांची शाखा आणि चार रशियन म्हणजे बुडापेस्ट क्वार्टेट.

मग बुडापेस्ट आलं कुठून?

ते आलं १९१७ साली. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि बुडापेस्टच्या ऑपेराच्या वाद्यवृंदातल्या चार वादकांनी ठरवलं की आपण क्वार्टेट काढायचं. एमिल हाउझर, आल्फ्रेड इंडिग, इश्तवान इपोल्यी आणि हॅरी सॉन. यातला सॉन डच होता, म्हणजे अस्सल बुडापेस्टपण पहिल्या दिवशीही पुरतं नव्हतंच. या शहराला क्वार्टेटची सवय होती. येनो हुबाई आणि डेव्हिड पॉपर यांचं क्वार्टेट तिथं १८८६ पासून वाजत होतं आणि खुद्द ब्राम्स त्यांच्यासोबत पियानोवर बसला होता. नव्या चौघांचा पहिला जाहीर कार्यक्रम डिसेंबर १९१७ मध्ये कोलोझवार गावी झाला. तेव्हा ते हंगेरीत होतं. तीन वर्षांत सीमा सरकल्या आणि तेच गाव रुमानियात गेलं, आज त्याला क्लुज म्हणतात. जिथं सुरुवात झाली त्या गावालाही आपला देश टिकवता आला नाही. क्वार्टेटचं नाव मात्र पन्नास वर्षं टिकलं.

त्या चौघांनी स्वतःसाठी काही नियम घालून घेतले होते. मतभेद झाला की मतदान. बाहेरची कामं कुणी घ्यायची नाहीत, ना संगीतातली ना दुसरी. मानधन चौघांना सारखं, पहिल्या व्हायोलिनला एक पैसाही जास्त नाही. आणि तालमीला किंवा चर्चेला बायका-मैत्रिणींना मज्जाव. शेवटच्या नियमावर आज कुणी भुवया उंचावेल. पण खरी क्रांती मधल्या दोन नियमांत होती. तोवर क्वार्टेट म्हणजे एक नामांकित व्हायोलिनवादक आणि त्याच्या मागे तिघे, अशीच रीत असे. योआखिम क्वार्टेट हे योआखिमचं होतं, बाकीचे तिघे कोण हे जाणकारालाही आठवून सांगावं लागे. आपल्याकडे बुवांचं नाव मोठ्या टायपात आणि साथीदारांचं ‘साथ :’ पुढे बारीक टायपात छापलं जातं, तसंच. बुडापेस्टच्या लोकांनी माणसाचं नाव न देता शहराचं दिलं, आणि तिथंच या गोष्टीचं बी आहे. माणसाचं नाव असतं तर माणूस गेल्यावर दुकान बंद करावं लागलं असतं.

माणसं जाऊ लागली. १९२० मध्ये इंडिग गेला, त्याच्या जागी इमरे पोगानी. १९२७ मध्ये पोगानी गेला आणि रोइसमन आला, पहिला रशियन. तोवर मुक्काम बर्लिनला हलला होता. १९३० मध्ये चेलोवर मिशा श्नायडर. आता दोन हंगेरियन आणि दोन रशियन असा सामना बरोबरीत आला. मतदानाचा नियम असलेल्या मंडळीत याचा अर्थ काय होतो, हे सहकारी सोसायटीच्या सभेला बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

भांडण वाजवण्याच्या रीतीवरून होतं. हाउझर आणि इपोल्यी जुन्या वळणाचे : एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना बोट तारेवरून घसरत न्यायचं, लय हवी तिथं सैल सोडायची. आपण ज्याला मींड म्हणतो, तिचाच हा दूरचा नातेवाईक. रोइसमन आणि मिशा यांना हे नको होतं. त्यांना स्वच्छ, बांधीव, स्वरलिपीत लिहिलंय तेवढंच वाजवायचं होतं. १९३२ मध्ये हाउझर बाहेर पडला आणि जेरुसलेमला जाऊन त्यानं संगीतविद्यालय काढलं. रोइसमन दुसऱ्या व्हायोलिनवरून पहिल्यावर सरकला आणि मिशानं आपल्या धाकट्या भावाला, अलेक्झांडरला म्हणजे साशाला, दुसऱ्या जागी आणलं. तीन विरुद्ध एक. इपोल्यी आणखी चार वर्षं राहिला आणि १९३६ मध्ये त्याच्या जागी क्रॉइट आला. तो मुळात व्हायोलिनचा बालकलाकार, व्हिओलाकडे नंतर वळलेला. शेवटचा हंगेरियन गेला, पाटी तशीच राहिली.

मधल्या काळात बर्लिन सुटलं होतं. नाझी सत्तेवर आल्यावर ज्यू वादकांना तिथं भवितव्य नव्हतं. १९३४ मध्ये मंडळी पॅरिसला गेली आणि पुन्हा जर्मनीत वाजवायला परतली नाही. दशक सरताना अमेरिका. पुढे हंगेरी हिटलरच्या बाजूनं युद्धात उतरला आणि वॉशिंग्टनमध्ये हे चौघे शत्रुराष्ट्राच्या राजधानीचं नाव लावून बीथोवन वाजवत राहिले. नाव बदलावं असं त्यांना वाटलं नाही. बाजारात चालणारं नाव कोण टाकतो, हे कारण पुरेसं आहे.

इथं आपल्याला घराण्यांची आठवण येणं साहजिक आहे. केसरबाई जयपूर घराण्याच्या. पण त्या केरीच्या. त्यांचे गुरू अल्लादियाखाँ उनियाऱ्याचे, अत्रौलीच्या परंपरेतले, आणि त्यांची हयात गेली कोल्हापुरात आणि मुंबईत. जयपूर गायकी ज्यांच्या गळ्यातून आपण ऐकली त्या केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघी गोव्याच्या. म्हणजे गावाचं नाव हे गावाचं राहत नाही, ते रीतीचं होतं. ग्वाल्हेर इचलकरंजीत आणि मिरजेत सापडतं, किराणा धारवाडात. मात्र ही तुलना पुढे फार ताणता येत नाही. घराण्यात गाव सुटतं पण रीत राहते, निदान राहावी अशी अपेक्षा असते आणि ती सुटली की कुजबुज सुरू होते. बुडापेस्टमध्ये गाव सुटलं, माणसं सुटली आणि रीतही उलटी झाली. हाउझरच्या काळातली मुद्रणं आणि रोइसमनच्या काळातली मुद्रणं लागोपाठ ऐकली तर एकाच नावाखाली दोन संस्था आहेत असं वाटतं. टिकला तो करार : समान पैसे, एक मत, बाहेर काम नाही. मला तर वाटतं, त्या क्वार्टेटची बंदिश कुठली असेल तर हे नियमच.

आता तबकडीकडे येऊ, कारण या चौघांचं नाव जगभर गेलं ते तबकडीमुळे.

चेंबर म्युझिक म्हणजे शब्दशः खोलीतलं संगीत, आपल्या बैठकीसारखं. ते मोठ्या सभागृहासाठी नव्हतंच, त्यामुळे ते तबकडीवर सहज मावेल असं वाटावं. झालं उलट. १९२५ पूर्वी मुद्रण कर्ण्यातून होई. वाजवणारे कर्ण्याच्या तोंडाशी दाटीवाटीनं बसत, व्हायोलिन कसंबसं पकडलं जाई आणि चेलोचे खालचे सूर बरेचसे हवेतच विरत. १९२५ मध्ये मायक्रोफोन आला आणि चौथ्या माणसाला पहिल्यांदा नीट आवाज मिळाला. गिऱ्हाईक मात्र थोडं होतं. इंग्लंडमध्ये कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकारानं नॅशनल ग्रामोफोनिक सोसायटी काढली ती यासाठीच. वर्गणीदार आधी जमवायचे, मग क्वार्टेटच्या तबकड्या काढायच्या. मराठीत ज्ञानकोशासाठी केतकरांनी जे केलं, तोच मार्ग.

खरी अडचण वेळेची होती. बारा इंची तबकडीची एक बाजू, मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे चार-साडेचार मिनिटं. बीथोवनचं हे तेरावं क्वार्टेट, ओपस १३०, सहा भागांचं, वाजवायला चाळीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे पाच तबकड्या, दहा बाजू, आणि दर चार मिनिटांनी ऐकणाऱ्यानं उठून बाजू उलटायची. वाजवणाऱ्यांचे हाल वेगळे. मेणाच्या थाळीवर थेट कोरलं जायचं, जोडकाम करता येत नसे. चौथ्या मिनिटाला कुणाची तार चुकीची लागली की थाळी वाया आणि पहिल्यापासून सुरुवात.

कावातिना तर एका बाजूत मावतच नाही. आणि कापायचं कुठं? या भागाच्या दोनतृतीयांश अंतरावर बीथोवननं एक शब्द लिहून ठेवला आहे : ‘बेक्लेम्ट’. छाती दाटून आल्यासारखं, गळा आवळल्यासारखं. तोवर शांत गात आलेलं पहिलं व्हायोलिन तिथं अचानक अडखळतं. बाकीचे तिघे खाली एकसारखी ठोक देत असतात आणि वर हे व्हायोलिन तालाशी जुळत नाही, तुटक बोलतं, मध्येच थांबतं, श्वास घेतं. रडू आवरून बोलणारा माणूस जसा वाक्य पुरं करू शकत नाही तसं. जेमतेम सात मात्राखंड, मग पुन्हा मूळ गाणं. १८२५ मध्ये हे लिहिताना बीथोवन ठार बहिरा होता. तो हे रडत लिहीत होता, असं कार्ल होल्झनं पुढे सांगून ठेवलंय. होल्झ हा शुपांत्सिगच्या क्वार्टेटमधला दुसरा व्हायोलिनवादक. याच क्वार्टेटनं २१ मार्च १८२६ रोजी हे पहिल्यांदा वाजवलं. सोनेरी तबकडीवरच्या वेगानं हिशेब केला तर ही जागा येते चौथ्या मिनिटानंतर लगेच. म्हणजे ७८च्या जमान्यात बाजू संपायची ती नेमकी तिथंच. गळा दाटून आला, आता तबकडी उलटा.

याच अडचणीला केसरबाईंच्या पिढीनं काय केलं ते पाहा. तास-दीड तासाचा ख्याल, आणि तबकडी साडेतीन मिनिटांची. आपल्या गवयांनी ख्यालाचे तुकडे करून दहा बाजूंवर नाही भरले. त्यांनी तीन मिनिटांचं नवं गाणं घडवलं. आलापाचा इशारा, बंदिशीचं तोंड, दोन-चार ताना आणि समेवर येऊन थांबणं. बीथोवनचं लिहिलेलं होतं, त्याला हात लावायची सोय नव्हती, म्हणून ते कापावं लागलं. आपलं लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते आटवता आलं. कापलेलं पुढे जोडता आलं. आटवलेलं मात्र पुन्हा पातळ होत नाही : बाईंचा तासभर चढत गेलेला राग कसा होता, ते ऐकलेल्यांबरोबर गेलं. त्या रेडिओपासूनही लांब राहिल्या.

जोडण्याची वेळ १९४८ साली आली. कोलंबिया कंपनीनं लाँगप्लेइंग तबकडी बाजारात आणली, मिनिटाला ३३⅓ फेरे आणि एका बाजूला वीसेक मिनिटं. बुडापेस्टची मंडळी १९४० पासून कोलंबियाकडेच होती. आता ओपस १३० एका तबकडीच्या दोन बाजूंत बसू लागलं आणि चुंबकी फितीमुळे चुकलेला तुकडा कापून चांगला डकवता येऊ लागला. १९५१-५२ मध्ये त्यांनी बीथोवनची सगळी क्वार्टेट्स नव्यानं वाजवून दिली. पुढे स्टिरिओ आल्यावर १९५८ पासून पुन्हा एकदा.

तोवर त्यांना बसायला एक घर मिळालं होतं, तेही वाचनालयात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये एलिझाबेथ स्प्रेग कूलिज या बाईंनी दिलेल्या पैशातून १९२५ मध्ये सुमारे पाचशे खुर्च्यांचं सभागृह झालं होतं. दहा वर्षांनी गर्ट्रूड क्लार्क व्हिटल या दुसऱ्या बाईंनी तिथं स्ट्रादिव्हारीच्या हातची पाच वाद्यं दिली, तीन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो. अट अशी की वाद्यं लायब्ररीबाहेर जाणार नाहीत आणि कपाटात पडूनही राहणार नाहीत, वाजली पाहिजेत. वाद्यं हलणार नाहीत म्हटल्यावर वादक आणून बसवणं आलं. बुडापेस्टचे चौघे १९४० ते १९६२ तिथले ठरलेले वादक होते. दौऱ्यावर स्वतःची वाद्यं न्यायची, वॉशिंग्टनला आलं की ही हातात घ्यायची. पंचवीस सेंटांच्या तिकिटासाठी लोक रांगा लावत. संस्थानिकाच्या पदरी असलेल्या गवयाची ही प्रजासत्ताकातली आवृत्ती. फक्त इथं पदर पुस्तकांचा होता.

या घरातही सगळं सुरळीत नव्हतं. १९४४ मध्ये साशा श्नायडर उठून गेला. त्याला स्वतःचं काही करायचं होतं आणि ‘बाहेरची कामं नाहीत’ हा नियम त्याला काचत होता. तो गेला तो थेट चेलोवादक पाब्लो कासाल्सपर्यंत पोचला. फ्रँकोच्या निषेधात जाहीर वाजवणं थांबवलेल्या म्हाताऱ्या कासाल्सला त्यानं १९५० मध्ये प्राद गावी महोत्सवात बसवलं. इकडे दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीत एडगर ऑर्टेनबर्ग आला आणि गेला, मग जॅक गोरोडेट्स्की. गोरोडेट्स्की मंचावर जायला घाबरायचा. १९५५ मध्ये त्यानं आत्महत्या केली. साशा परत आला.

म्हणजे १९६०चा तो कावातिना वाजवताना जे चौघे बसले होते, त्यांनी हे सगळं बघितलेलं होतं. क्रॉइट साठी ओलांडलेला, रोइसमन साठीला टेकलेला, मिशा छप्पन्नच्या घरात, साशा पन्नाशी पार केलेला. या उत्तरकाळातल्या वादनाबद्दल जाणकारांची तक्रार जुनी आहे : रोइसमनचा सूर कधीकधी कणभर ढळतो, हात पूर्वीसारखा चपळ राहिलेला नाही, १९५१-५२ची मालिकाच घ्यावी. जलद भागांपुरती ही तक्रार खरी आहे. पण ‘बेक्लेम्ट’च्या जागी मला हा म्हातारा हातच हवासा वाटतो. तरुण वादक तिथं अडखळण्याचा अभिनय करतात आणि तो फार चांगला करतात. रोइसमन अभिनय करत नाही. स्वच्छ आणि लिहिलंय तेवढंच, हा हट्ट घेऊन ज्यानं हाउझरची घसरती बोटं हद्दपार केली, तोच माणूस इथं लिहिल्याप्रमाणे अडखळतो. जास्तीचं काही घालत नाही.

१९६७ मध्ये वाजवणं थांबलं. क्रॉइट दोन वर्षांनी गेला, रोइसमन १९७४ मध्ये. नाव त्यांनी पुढे कुणाला दिलं नाही. हा प्रश्न प्रत्येक जुन्या क्वार्टेटपुढे येतो आणि उत्तरं निरनिराळी निघतात. लंडनचं अमाडेउस क्वार्टेट चाळीस वर्षं त्याच चौघांचं होतं. १९८७ मध्ये व्हिओलावाला पीटर शिडलोफ वारला आणि उरलेल्या तिघांनी त्याच्या जागी कुणाला न घेता वाद्यं मिटली. न्यूयॉर्कचं जुइलियार्ड १९४६ पासून आजतागायत चालू आहे, मूळचा कुणी उरलेला नाही. बुडापेस्टनं यातलं पहिलं कधीच केलं नव्हतं आणि शेवटी दुसरंही केलं नाही. मिशा आणि क्रॉइट व्हरमाँटमधल्या मार्लबरोला उन्हाळ्यात तरुणांना शिकवत. तिथंच १९६४ मध्ये चार पोरांनी ग्वार्नेरी क्वार्टेट उभं केलं आणि ते २००९ पर्यंत वाजलं. त्यांनी नाव वाद्यं घडवणाऱ्या घराण्याचं घेतलं.

सोनेरी तबकडी १९७७ची. ऑगस्टमध्ये एक यान सुटलं आणि सप्टेंबरच्या ५ तारखेला दुसरं. त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेला केसरबाई मुंबईत वारल्या. ही तबकडीही ग्रामोफोनचीच, बारा इंची, तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, सोबत सुई. आणि तिच्यापुढेही अडचण तीच होती, वेळेची. जगभरचं संगीत, पंचावन्न भाषांतली नमस्कारवजा वाक्यं, शंभरावर चित्रं, हे नेहमीच्या वेगात बसेना. म्हणून वेग निम्मा केला, मिनिटाला १६⅔ फेरे. आवाजाचा दर्जा थोडा घटला आणि संगीताला नव्वद मिनिटं मिळाली. एका फेऱ्याला लागतात ३.६ सेकंद, आणि हे झाकणावर खुणांच्या भाषेत कोरलं आहे, म्हणजे सुई लावणाऱ्यानं चुकीच्या वेगानं फिरवू नये. त्या हिशेबानं केसरबाईंना अठ्ठावन्न फेरे मिळतात आणि या चौघांना एकशे दहा. बाजू मध्येच उलटावी लागत नाही. ‘बेक्लेम्ट’ येतं, जातं, गाणं पुन्हा लागतं, आणि सुई आतल्या कोऱ्या कड्यापाशी पोचते. तिथं टिमोथी फेरिस यांनी हातानं कोरलेली एक ओळ आहे, सगळ्या काळांतल्या आणि सगळ्या जगांतल्या संगीत करणाऱ्यांच्या नावे.